जावळाची पारख

अर्जुना कोळेकरला मेंढरांवर इंग्रजीत वीस पानं लिहिता येत होती. विलायतेतले मेंढपाळ, त्यांच्या बासऱ्या, हिरव्या टेकड्या आणि झऱ्याकाठी वाट बघणाऱ्या त्यांच्या प्रेमिका, सगळं त्याला तोंडपाठ होतं. स्वतःच्या घरी मेंढरं आहेत एवढं मात्र त्याला मराठीतसुद्धा सांगता येत नव्हतं. आमच्या विद्यापीठानं एकोणीसशे त्रेचाळीस साली त्याला दुसऱ्या वर्गात बी.ए. केलं, ते काही उगीच नाही.

मी त्याच्याच खोलीत राहायचो. मी लालासाहेब, इस्लामपूरकडच्या ऊसवाल्या घरातला, तिसऱ्या वर्गात कसाबसा काठाला लागलेला. सांगलीजवळच्या आमच्या कॉलेजात तेव्हा दोन तऱ्हांची पोरं असत. एक, घरून कोट घालून आलेली, आणि दुसरी, इथं आल्यावर कोट शिवून घेतलेली. आम्ही दोघं दुसऱ्या तऱ्हेतले. पण मी नुसता कोट शिवला होता, अर्जुनानं बापही नवा शिवून घेतला होता. माणदेशात आपली मोठी जमीन आहे, वडील वतनदार आहेत, असं तो सांगायचा. सही करायचा 'ए. डी. कोळेकर'. 'डी' म्हणजे काय असं कुणी विचारलं, तर म्हणायचा, "धैर्यशील." खरा 'डी' म्हणजे धुळा. धुळा कोळेकर उन्हातान्हात मेंढरं राखत होता आणि पोराची फी भरायची वेळ आली की त्यातली दोनचार बाजारात नेत होता.

हे मला कळलं ते हिवतापामुळं. तिसऱ्या वर्षी मी सणकून तापलो. भर दुपारी दात वाजत होते आणि दोघांच्या चादरी अंगावर घालूनही थंडी हटत नव्हती. तेव्हा अर्जुनानं दार आतून लावलं, ट्रंकेच्या तळातून एक काळं घोंगडं काढलं आणि माझ्या अंगावर टाकलं. आठ दिवस तो माझ्यापाशी बसून राहिला. त्या आठ दिवसांत त्याची इस्त्रीची भाषाही गळून पडली.

"आईनं सूत काढलंय ह्याचं," तो म्हणाला. "समदं जावळ हाय. जावळ म्हंजी कोकराची पयली कातरन. पुन्हा तशी लोकर त्या जनावराला येत न्हाई."

मग तो बोलतच सुटला. नवं घोंगडं ताठ का असतं, तर त्याला चिंचोक्याची खळ देतात म्हणून. मेंढीचं वय दातांवरून कसं सांगायचं. व्यापारी जावळात जाडीभरडी लोकर कशी मिसळतात, आणि त्याची आई हरणाबाई ती भेसळ कशी पकडते. "हाताला फशिवता येतं, गड्या. काम करून हात निबार हुत्यात. आई लोकर गालाला लावून बघती. गाल खोटं बोलत न्हाई."

आईचं नाव निघालं की त्याचा आवाज हळू व्हायचा. हरणाबाईचे गुडघे गेले होते. दिवाळी झाली की माणदेशातून कृष्णाकाठी उतरायचं, पावसाच्या सुमाराला परत वर चढायचं, हे चालणं तिला आता झेपत नव्हतं. "नोकरी लागली की पयली आईला एका जागी बसिवनार," तो म्हणाला. "एक खोली, एक चूल. पुन्हा तिचं बिऱ्हाड हालनार न्हाई." हे तो अगदी मनापासून बोलला होता, आणि म्हणूनच पुढं तो जे वागला त्याची मला चीड आली. ताप उतरल्यावर त्यानं घोंगडं परत ट्रंकेत घातलं आणि यातलं कुणाला काही सांगणार नाही, अशी माझ्याकडून शपथ घेतली.

बी.ए. झाल्यावर आम्ही चार महिने अर्ज लिहीत बसलो. आमच्या वयाची पोरं भूमिगत होऊन रानोमाळ फिरत होती, आणि आम्ही 'आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक' लिहून बोटं काळी करत होतो. अशात साताऱ्याहून दोघांनाही एकाच जागेसाठी बोलावणं आलं. लढाईमुळं फौजेला घोंगड्या लागत होत्या आणि व्यापारी भेसळीचा माल खपवत होते. तो पारखायला सरकारला एक लोकर तपासनीस हवा होता, पदवीधर. वर साताऱ्यात राहायला खोलीही मिळणार होती.

जागा जणू अर्जुनासाठीच काढली होती. एक खोली, एक चूल, आणि काम त्याच्या आईच्या मांडीवर शिकलेलं. मी आपला सातारचे कंदी पेढे खाऊन यावं म्हणून गेलो.

साहेब घाईत होता. आम्हा चार उमेदवारांना त्यानं एकदमच आत बोलावून ओळीनं उभं केलं. टेबलावर लोकरीचे दोन ढीग होते. बोलणं सगळं इंग्रजीत. पहिला नंबर अर्जुनाचा.

"वडील काय करतात?"

"जमीनदार आहेत, सर."

"मेंढ्यांची काही माहिती आहे?"

अर्जुनानं त्या ढिगांकडं पाहिलं. डावीकडचं जावळ आहे हे त्याला दारातूनच कळलं असणार. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. तो म्हणाला, "प्रत्यक्ष नाही, सर. पण मेंढपाळांवरच्या इंग्रजी काव्याचा मी खास अभ्यास केला आहे."

साहेबानं कागदावर रेघ मारली. पुढच्या दोघांनी लोकर हातात घेऊन ती लोकर असल्याचं सांगितलं. मग माझी पाळी आली. यातली चांगली कुठली, असं साहेबानं विचारलं. मी पुढं झालो, डावीकडची चिमूटभर लोकर उचलली आणि गालाला लावली. मग उजवीकडची लावली. ती बोचली. डावीकडं जावळ, उजवीकडं भेसळ, असं मी सांगितलं. आणि तोंड उघडलंच आहे तर खळ सांगितली, दात सांगितले, कातरणीच्या वेळा सांगितल्या. तापात ऐकलेलं सगळं घडाघडा बोलून टाकलं. साहेब खुर्चीत पुढं सरकला.

"हे कुठं शिकलात?"

"लहानपणापासून बघतोय, सर." आमच्या घरी बैल होते, म्हशी होत्या. मेंढरू औषधालाही नव्हतं.

साहेबानं टाक खाली ठेवला. "खरं सांगू? मला धनगराच्या घरातला पदवीधर हवा होता," तो म्हणाला. "तसा कुणी असता तर तुम्हालाही मी घेतलं नसतं. पण असा मुलगा आणायचा कुठून?"

तसा मुलगा तीन पावलांवर उभा होता. तो आपल्या बुटांकडं बघत राहिला आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडं. त्याला बोलायला लाज वाटत होती, मला बोलणं परवडत नव्हतं. जागा मला मिळाली.

बाहेर आल्यावर अर्जुनानं माझा हात हातात घेतला आणि "काँग्रॅच्युलेशन्स" म्हणाला. त्यानं आईवरून एक शिवी हासडली असती तर मला बरं वाटलं असतं. पण बी.ए. माणसाला तेवढीही हिंमत नसते.

पुढं तो माधवनगरला एका गिरणीत कारकून म्हणून चिकटला. चाळीत खोलीही मिळाली. आईला मात्र त्यानं आणलं नाही. शेजारीपाजारी सगळे गिरणीतले बाबूलोक, त्यांना वतनदाराच्या घरची बाई दाखवायची कुठून? संक्रांतीला आणतो, पाडव्याला आणतो, दिवाळीला आणतो, असं तो मला पत्रातून लिहायचा. शपथ विसरून मी ती पत्रं खात्यातल्या मंडळींना वाचून दाखवायचो आणि आम्ही हसायचो. खात्यात तोवर माझं नाव झालं होतं. लोकर गालाला लावून पारखणारा तपासनीस म्हणून व्यापारी मला वचकून असत.

चव्वेचाळीसच्या मार्गशीर्षात मी इस्लामपूरच्या बाजूला फिरतीवर होतो. एका मळ्यात खतासाठी मेंढरं बसवली होती आणि मेंढक्यांच्या तळावर लोकरीचे गठ्ठे बांधून ठेवले होते. माल फौजेच्या ठेकेदाराकडं जायचा होता. मी एक गठ्ठा सोडवला आणि सवयीनं चिमूट गालाला लावली. बांधावर बसलेला मुंडासंवाला म्हातारा माझ्याकडं बघत राहिला.

"आवं सायेब, ही खूण तुमाला कुनी शिकिवली?" तो म्हणाला. "ही तर आमच्या हिची हाय. दुसऱ्या कुनाला असं करताना मी बघितलं न्हाई."

त्याच्या पलीकडं एक म्हातारी पाय लांब करून टकळीवर सूत काढत होती. दोन्ही गुडघ्यांना फडकी गुंडाळलेली. मी म्हाताऱ्याचं नाव विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"धुळा कोळेकर."

"खात्यात शिकवतात ही खूण," मी म्हणालो.

हरणाबाईनं टकळी थांबवली. "आमचा अर्जुनाबी गेला हुता सातारला, ह्याच कामाला. बी.ए. हाय त्यो. त्याला घेतलं न्हाई."

"धनगराचं पोर म्हनून हाकलला आसंल," धुळा म्हणाला. "न्हाईतर मेंढरातलं समदं ठावं हाय त्याला. इच्यारलं आसतं तर सांगितलं नसतं व्हय? इच्यारलंच नसंल त्याला. तुमी खात्यातलं, तुमाला ठावं आसंल."

दोघंही माझ्याकडं बघायला लागले. बापाला लपवणारा म्हणून वर्षभर मी अर्जुनाला हसत आलो होतो. मी त्याचा मित्र, या बाईनं सूत काढलेल्या घोंगड्याखाली आठ दिवस निजलेला, तिचीच खूण सांगून नोकरी मिळवलेला. यातलं एक अक्षर माझ्या तोंडून बाहेर पडेना. अर्जुनाला निदान लाज तरी होती. मला नोकरी जायची भीती होती, आणि ती त्याच्या लाजेपेक्षा हलक्या प्रतीची होती.

"न्हाई इच्यारलं," मी म्हणालो.

"मंग पोराचा काय दोस न्हाई," हरणाबाई म्हणाली आणि परत टकळी फिरवायला लागली. धुळानंही मान डोलवली. त्यांना खरोखरच बरं वाटलं होतं.

मी गठ्ठ्यांवर 'उत्तम'चा शिक्का मारला. उन्हं कलली तसा तळ हलला. भांडीकुंडी घोड्यावर चढली. हरणाबाई दोन्ही हात गुडघ्यांवर रेटून उठली आणि काठी टेकत मेंढरांच्या मागं चालायला लागली. साताऱ्यातली माझी खोली तेव्हा कुलूप लावून रिकामी होती. मी फिरतीवर असायचो, महिन्यातले वीस दिवस ती तशीच असायची.