डोरीनची बस

डोरीन हॅल्वरसन नॉर्थ डकोटात शाळेची बस चालवायची. फ्लूतून उठून ती कामावर रुजू झाली आणि एका सकाळी तिला समोरचा रस्ता दुहेरी दिसू लागला. तिने बस कडेला घेऊन बंद केली. मुलं सुखरूप राहिली, तिचे पाय मात्र सीटवरच लुळे पडले.

"फ्लू गेलाय," डॉक्टर म्हणाले, "पण त्याच्याशी लढणारं तुमचं शरीर आता मेंदूवरच उलटलंय. मेंदूला सूज आलीय."

औषधांनी पाय सावरले, नजर पुरती सुधारली नाही. आता बस तिची नणंद कॅरिन चालवते. डोरीन मुलांना सांभाळायला सोबत असते.

"वळण जपून घे गं."

"वहिनी, बस चालवायचीय कुणाला, तुम्हाला की मला?"

"मला," डोरीन म्हणाली आणि मुलांचे पट्टे तपासायला उठली.