टीव्हीमागची फट

टेलिफोन ऑफिसात बोर्डावर तारा खोचण्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या बाईंना, दृष्टी गेल्यापासून एकच काम उरलं होतं. बसून राहणं. कप उचलायला हात पुढे केला तरी लेक म्हणायची, "आई, राहू दे ना!" प्रेमानेच म्हणायची, त्यामुळे रागवायचीही सोय नव्हती.

जावयाने अॅम्प्लिफायर आणि पाच स्पीकर आणले ते सासूबाईंसाठीच. चित्र नाही तर नाही, आवाज तरी चहूबाजूंनी यावा. पण टीव्ही भिंतीलगत, मागे जेमतेम हात जाईल एवढी फट. मोबाइलच्या उजेडात तार खोचता खोचता तो घामाघूम झाला.

"जावईबापू, सुईत दोरा ओवताय का?" सासऱ्यांनी खुर्चीतून विचारलं.

"बाबा, हात घातला की दिसत नाही, आणि बघायला गेलं की हात जात नाही!"

"कुठल्या भोकात घालायचीय?" बाईंनी विचारलं.

"वरून तिसऱ्या. टीव्हीचा आवाज तिथूनच बाहेर येतो."

"सरका."

लेकीचं "आई, राहू दे" पुरं व्हायच्या आत जावई सरकला होता.

बोटं फटीत शिरली. एक, दोन, तीन. तार बसली. मग खालच्या अॅम्प्लिफायरची पाळी. जावई पुस्तिकेतलं चित्र बघून सांगत गेला, बाई वरून हात घालून चाचपत तारा जोडत गेल्या.

सिनेमा लागला. पडद्यावर एक मोटार भरधाव गेली.

"डावीकडून आली, उजवीकडे गेली," सासऱ्यांनी नेहमीप्रमाणे धावतं वर्णन केलं.

"माझ्याकडे उलटी गेली." बाईंनी हवेतच हात पुढून मागे नेऊन पाहिला. "चुकलं. पुस्तिकेतलं चित्र मागून बघितलेलं, आणि माझा हात पुढून. डाव्या-उजव्याची अदलाबदल झाली."

"असू दे गं आई, हे बदलतील," लेक नवऱ्याकडे बघत म्हणाली.

'हे' जागचे हलले नाहीत. फक्त बटण बंद केलं. "उठा आई. बोर्ड तुमचा आहे."

बाई उठल्या. पुन्हा मोटार लागली तेव्हा त्यांची मान डावीकडून उजवीकडे वळत गेली, अगदी मोटारीबरोबर.

"कसा आहे गं आवाज?" सासऱ्यांनी विचारलं.

"छान आहे. तुम्ही गप्प बसलात तर अजून छान येईल." मग जावयाच्या दिशेने तोंड करून त्या म्हणाल्या, "मघाशी सरकलात ना, फार बरं केलंत."