खरखर ऐकणारा

अमळनेरला बसस्टँडजवळ त्याचं स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे. दुरुस्त झालेल्या प्रत्येक स्पीकरवर तो तेच एक विरहाचं गाणं लावायचा, डोळे मिटून ऐकायचा आणि पहिल्या कडव्यालाच बंद करायचा. "गानं कोन ऐकस भाऊ? मी खरखर ऐकस," म्हणायचा. इतक्या गोड गाण्याचा असा वापर मला खुपायचा.

एकदा स्पीकर न्यायला आलेल्या बाईंनी ते ऐकता ऐकता डोळ्यांना पदर लावला. बटणाकडे गेलेला त्याचा हात थांबला. त्या दिवशी गाणं पूर्ण वाजलं.

परवा गेलो, तर स्पीकरवर नुसती ढोलकी वाजत होती. मी विचारलं, "ते गाणं कुठे गेलं?"

"आते शब्द ऐकू येतस, भाऊ," तो म्हणाला. "मंग खरखर ऐकू येत नही."