गोबरगॅसचं पांघरूण

पंधरा दिवसांपूर्वी माझी चांगलीच फजिती झाली. तीही माझ्याच अंगणात, तपासणीला आलेल्या साहेबांसमोर... आता हसू येतं, म्हणून लिहितेय.

नवेगाव बांधजवळ आमचं गाव. इथली थंडी ज्यानं भोगली त्यालाच कळते. स्वयंपाक सिलिंडरवर होतो, पण अंघोळीचं पाणी मात्र चुलीवर. सिलिंडरवर पाणी ठेवलं की सासूबाई अशा बघायच्या, जसं काही मी त्यांच्या पाटल्याच वितळवतेय.

चूल त्या स्वतः पेटवायच्या, पहाटेच. मग दिवसभर खोकायच्या. गेल्या हिवाळ्यात तर एक वाक्य बोलताना दोनदा थांबायच्या, छातीला हात लावून... डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आधी धूर बंद करा, औषधाचं नंतर बघू.

घरी दोन गाई, एक म्हैस, बैलजोडी. शेणाला तोटा नाही. तालुक्याला चौकशी केली तर कळलं, गोबरगॅसला अनुदान आहे. पण प्लांट आधी आपल्या खर्चानं बांधायचा, मग साहेब येऊन पेटलेली शेगडी बघणार, फोटो काढणार आणि त्यानंतर पैसे. माझ्या नवऱ्यानं होकारार्थी मान हलवली ती 'अनुदान' हा शब्द ऐकूनच. एरवी आमच्याकडे साधी पाण्याची टाकी घ्यायलाही दोन वर्षं लागतात.

विरोध होता तो सासूबाईंचाच. सगळं शेण त्या खड्ड्यात गेलं तर अंगण कशानं सारवायचं, गोवऱ्या कशाच्या थापायच्या? शेवटी तह झाला. रोजचं एक घमेलं शेण त्यांचं, त्याला कुणी हात लावायचा नाही.

दिवाळीच्या सुमारास शेगडी पेटली. निळी ज्योत, कढत पाणी, धुराचं नाव नाही. सासूबाईंचा खोकला महिनाभरात निम्म्यावर आला... मी शाळेत शिक्षिका आहे, स्टाफरूममध्ये सगळ्यांना फुशारकीनं सांगत सुटले.

मग डिसेंबरचा गारठा आला आणि गॅस कमी झाला. पाणी जेमतेम कोमट. एका पहाटे जाग आली ती खोकल्याच्या आवाजानं. सासूबाई पुन्हा चुलीपुढे बसल्या होत्या.

पण बाई हुशार! त्याच दुपारी त्यांनी माझ्या नवऱ्याला भाताचं तणस, म्हणजे पेंढा, आणायला लावलं आणि प्लांटच्या घुमटावर हातभर थर घातला. आंबे पिकवायला आपण तणसातच घालतो ना, ऊब धरते म्हणून... त्यांचं म्हणणं एवढंच. शेण कालवायचं पाणीही त्या दिवसभर उन्हात ठेवून घ्यायच्या. दहाएक दिवसांत ज्योत परत पहिल्यासारखी झाली.

आता माझा पराक्रम ऐका.

निरोप आला, साहेब या आठवड्यात कधीही येतील. सासूबाई तेव्हा सालेकशाला लेकीकडे गेल्या होत्या. तपासणी म्हटलं की आम्हा शिक्षकांचे हात आपोआप झाडूकडे जातात. मी ते सगळं तणस काढून टाकलं, घुमट धुतला, त्याला गेरू फासला, भोवती रांगोळी घातली. शेण सकाळीच टाकीच्या गार पाण्यात कालवून मोकळी. फोटो कसा छान यायला हवा...

सहाव्या दिवशी साहेब आले. आदल्या रात्री सासूबाईही परतल्या होत्या. रांगोळीचं कौतुक झालं. मग मी शेगडीचा नॉब फिरवला, काडी लावली. नुसतं फुस्स. दुसरी काडी, तिसरी... साहेब भला माणूस, पण ज्योत दिसल्याशिवाय सही करता येत नाही म्हणाले. मला तर रडूच कोसळायचं बाकी होतं.

सासूबाई बाहेर जाऊन घुमट बघून आल्या आणि साहेबांच्या देखत मला म्हणाल्या, "काऊन काढलं वो त्याचं पांघरूण? तुले थंडीत उघडं निजवलं त उठशील का तू सकाळी?"

साहेब हसले. मला वाटलं, आता या म्हणणार, मी आधीच सांगत होते, नको हा खड्डा म्हणून. पण त्या साहेबांकडे वळल्या.

"आठ दिवसांनी या, साहेब. पेटला त सही करा, नाही पेटला त नका करू. पर मी आता धुरात बसाले जात नाही."

बस. एवढंच.

त्या दुपारी तणस माझ्याच हातानं परत घातलं. त्या खाटेवर बसून सूचना देत होत्या आणि मी थर चढवत होते. साहेब आठ दिवसांनी खरंच आले. ज्योत निळीशार पेटली, तिच्यावरच चहा उकळला. फोटोत माझा गेरू कुठेच नाही... नुसता तणसाचा ढीग आणि बाजूला घमेलं धरून उभ्या सासूबाई.

आता जो तो विचारतो, अनुदानामुळे परवडतं का? खरं सांगू, अनुदान नसतं तर आम्ही खड्डाच खणला नसता. त्यासाठी मनापासून आभार. पण गोठ्यात गुरं नसतील आणि प्लांटला रोज जीव लावणारं माणूस घरात नसेल, तर अनुदान घेऊन बांधलेला प्लांट नुसता पडून राहतो. दोन्ही असेल तर डोळे मिटून बांधा.

आज सकाळी मी गरम पाण्यानं अंघोळ करून बाहेर आले, तर सासूबाई कुंपणापाशी शेजारणीला माझी गेरूची आणि रांगोळीची गोष्ट सांगत होत्या. अगदी मीठमसाला लावून, पहिल्या काडीपासून तिसऱ्या काडीपर्यंत. मी दारातच थांबून सगळी ऐकली.

मध्ये एकदाही त्या खोकल्या नाहीत.