हात तोंडाकडे

शुद्धलेखनाच्या चुका असतील, अक्षरही वाकडं आहे. चौथीच शिकलेय, आणि लिहिते तो हातही दुखऱ्या कोपराचाच. घरातल्या लेकीसुनांसाठी लिहून ठेवते. कुणाचा कोपर दुखला तर वाचावं.

धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी दोन्ही हातांनी माझं डोकं धरलं, तेव्हा मला कळलं. परपुरुषाचा हात लागला म्हणून मी थिजले. ते म्हणाले, "बाई, तोंड हाताकडे नेऊ नका. हात तोंडाकडे आणा."

हात छातीसमोर थांबला. जोर केला तरी पुढे हलेना.

सासूबाई आधीच सांगून बसल्या होत्या, "तिले बठ्ठं येस, साहेब. भाकरी बी करस. लाजाळू शे, बोलत नही." मला सगळं येतं, हे खोटं नव्हतं. पदर पुढे घेऊन, मान खाली घालून जेवायची मला सवय. चार महिने मीच हाताकडे जात होते आणि मला वाटत होतं, हात येतोय. सिस्टरनं पदर मागे सारला म्हणून दिसलं.

मग गोनिओमीटर आणलं. म्हणजे पोरांच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन लांब पट्ट्या लावल्यासारखं. एक पट्टी दंडावर, एक मनगटाकडे. "नव्वदला अडकलाय. घास घ्यायला एकशेतीस तरी लागतात."

पुढे विचारलं, वेणी कोण घालतं? कुंकू कोण लावतं? मी खाली बघून म्हटलं, "जाऊबाई." तेही लिहून घेतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते म्हणाले, "हेही मापच आहे. लपवलंत तर उपचार चुकेल."

विहिरीवर घसरून उजव्या कोपराचा सांधा निसटला होता. तो बसवल्यावर सासूबाई रोज कोमट तेलानं चोळायच्या, हात ओढून सरळ करायच्या. डॉक्टर म्हणाले, "मायोसायटिस ऑसिफिकन्स. चोळून चोळून मांसात हाड धरलं."

सासूबाई स्वतःच्या तळव्यांकडे बघत राहिल्या.

चोळणं बंद केलं. ते हाड पक्कं होईपर्यंत थांबावं लागलं, मग ऑपरेशन. शेजारच्या दुकानातल्या शेठाणीभाभींनी पैसे उसने दिले. नंतरचा व्यायाम माझा मीच करायचा, दुसऱ्यानं ओढायचं नाही. दुखून डोळ्यांत पाणी यायचं. दर खेपेला डॉक्टर पट्ट्या लावून मापायचे. एकदा म्हणाले, "एकशेतीस. आता घरी जेवून बघा."

त्या दिवशी मान वर ठेवून घास घेतला. समोर सगळ्यांचे चेहरे होते. सासूबाई जेवायच्या थांबल्या होत्या.

उडदाचे पापड लाटून मी पैसे फेडत गेले. उजवा हात पुढे होत नव्हता तोवर पैसे द्यायला डावाच करायचे. भाभी टोमणा मारायच्या, "डाव्या हातची लक्ष्मी मी नाही घेत. तिथं ठेव."

शेवटची नोट उजव्या हातानं दिली. कोपर अजून पूर्ण सरळ होत नाही, पण मी वाकले नाही. हात पोचला. भाभींनी नोट कपाळाला लावली. सगळे पैसे फिटले.