घरचं जहाज

आमच्या ऑफिसातून समुद्र दिसत नाही. विजय नगरच्या त्या चौथ्या मजल्यावरून दिसतो तो समोरच्या मॉलच्या पार्किंगचा उतार आणि सिटी बसची वाट बघणारी माणसं. तरी मी बरीच वर्षं जहाजांना समुद्र कसा आहे ते सांगायचं काम करते. लग्नकार्यात कुणाला हे सांगितलं की ते आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या नवऱ्याकडे, हिची तब्येत बरी आहे ना अशा नजरेने. आता मी नुसतं ‘कंप्यूटरचं काम’ म्हणून सोडून देते.

काम समजायला तसं अवघड नाही. वरून उपग्रह फिरत असतात. त्यांतले काही खाली समुद्रावर रडारचे ठोके सोडतात आणि परत आलेल्या ठोक्यावरून लाटा किती उंच आहेत ते मोजतात. पण उपग्रह जिथून जातो तिथली एक अरुंद पट्टीच तेवढी मोजली जाते. मधल्या सगळ्या पाण्याचा अंदाज कंप्यूटरचं मॉडेल करतं. आम्ही मोजलेली पट्टी आणि मॉडेलचा अंदाज शेजारी शेजारी ठेवून बघतो आणि जहाजाच्या कॅप्टनला लिहितो, असेच चला, किंवा वेग कमी करा, किंवा वाट बदला. ऐकायचं की नाही हे कॅप्टनच्या हातात. त्याने ऐकलं आणि काही झालं नाही, तर आम्ही उगाच घाबरवलं म्हणून तो कुरकुरतो. काही झालं तर आम्ही कुठे होतो म्हणून विचारतो. मी स्वभावानेच काळजी करणारी. अशा बाईला हे काम मिळावं हे तिच्या नशिबाचं बरं की वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यात माझा धाकटा भाऊ जहाजावर आहे. आमच्या घराण्यात पूर्वी दरबारच्या घोडदळात लोक होते, नंतर कारकून झाले, मास्तर झाले, बँकेत लागले. पाण्यात कुणी उतरलं नव्हतं. हा कॉलेजात असताना एकदा मला डबा द्यायला ऑफिसात आला, पडद्यावरचे समुद्र बघत तासभर उभा राहिला आणि पुढच्या वर्षी मर्चंट नेव्हीच्या परीक्षेला बसला. त्यामुळे आईच्या लेखी सगळा दोष माझा. तो शेवेच्या पिशव्या बॅगेत कोंबून निघाला की आई दार लावून घेते आणि माझ्याशी दोन दिवस धड बोलत नाही.

वडील गेल्यापासून आई आमच्याकडेच असते. भावाने तिला एक टॅबलेट घेऊन दिलाय. त्यावरच्या नकाशात प्रत्येक जहाज म्हणजे एक छोटासा बाण असतो. जहाज किनाऱ्याजवळ असलं की बाण दिसतो, खोल समुद्रात गेलं की नाहीसा होतो. नाहीसा झाला की आईचं जेवण कमी होतं आणि मला ऑफिसात फोन सुरू होतात. ‘आज किती आहे?’ एवढंच ती विचारते. मी म्हणते, चार मीटर. तिला वाटतं चार म्हणजे चारच. हा आकडा फक्त मोठ्या लाटांच्या सरासरीचा असतो आणि त्या गर्दीत एखादी लाट जवळजवळ दुप्पटही निघू शकते, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. ते एकटीने पोटात ठेवायची मला सवय झालीये.

आमच्याकडे एक नियम आहे. ज्या जहाजावर आपलं माणूस असेल ते आपण हाताळायचं नाही. त्याला आम्ही ‘घरचं जहाज’ म्हणतो. घरचं जहाज शेजाऱ्याला द्यायचं, बदल्यात त्याचं एक आपण घ्यायचं, आणि त्या जहाजाबद्दल तोंड उघडायचं नाही. हा नियम माझाच. पूर्वी आमच्यातल्या एकीचा नवरा जहाजावर होता आणि ती त्याला जरा पाणी हललं की लांबून वळसा घालायला लावायची. शेवटी जहाजवाल्यांनी विचारलं की तुम्ही आमचं जहाज पोचवताय की फिरायला नेताय. तेव्हा मी साहेबांना म्हटलं, भीती वाटली की नजर बिघडते, घरच्या माणसाने बघूच नये. सगळ्यांना पटलं. मला तर फारच पटलं होतं.

मागच्या पावसाळ्यात भावाचं जहाज गुजरातेतून माल भरून आफ्रिकेला वळसा घालायला निघालं. आपल्याकडे पावसाळा असतो तेव्हा तिकडे हिवाळा, आणि आफ्रिकेच्या खालच्या टोकाजवळचं पाणी हिवाळ्यात वाईट. तिथे किनाऱ्याला समांतर एक जोरदार प्रवाह दक्षिणेकडे वाहतो. जहाजांना तो आवडतो, फुकट ढकलून देतो. पण समोरून वाऱ्याच्या लाटा आल्या आणि प्रवाहाशी भिडल्या की त्या उभ्या होतात, भिंतीसारख्या. तेव्हा तो मोह सोडून किनाऱ्याकडे सरकायचं असतं, जिथे पाणी उथळ आणि प्रवाह मंद. वेळ जातो म्हणून कॅप्टन लोक नाखूश असतात.

नियमाप्रमाणे मी ते जहाज शेजारच्या टेबलावर दिलं. तिथे जवळच्याच सांवेर गावचा एक मुलगा बसतो, कामात हुशार. त्याचे वडील सोयाबीन लावतात आणि रोज फोन करून पाऊस कधी पडेल विचारतात. जगभरच्या लाटा सांगणाऱ्या पोराला सांवेरचा पाऊस सांगता येत नाही म्हणून आम्ही त्याची फार टर उडवतो. बदल्यात त्याने मला एक जहाज दिलं, तेही त्याच वाटेवर, भावाच्या काही तास मागे. दोन्ही जहाजं त्या वाईट पाण्याजवळ पोचली त्या दिवशी सकाळी मी या बदल्यातल्या जहाजाच्या कॅप्टनला लिहून टाकलं, असेच चला, संध्याकाळी पुन्हा कळवू. मॉडेलचा अंदाज बरा होता.

आणि मग मी दिवसभर शेजारच्या पडद्याकडे न बघण्याचं काम केलं. पाणी प्यायला उठले, प्रिंटरकडे गेले, नको असलेला चहा आणला. दर वेळी वाट त्याच्या खुर्चीमागूनच. त्याच्या लक्षात आलं.

“ताई, तुम्ही बसा ना तिकडे,” तो म्हणाला. “टेन्शन मत लो. मी बघतोय ना.”

“मी कुठे काय म्हटलं?”

“म्हटलं नाही, पण मागे उभ्या राहताय. मेरे को भी टेन्शन होता है.”

जेवणानंतर उपग्रहाची नवी पट्टी आली. ती नेमकी भावाच्या वाटेला पुढे छेदून किनाऱ्याकडे जात होती. मी चहाचा कप घेऊन तिथेच उभी होते. पट्टीवरचे आकडे किनारा जवळ येईल तसे चढत गेले, आणि शेवटचे काही ठिपके लाल होते. लाल म्हणजे जमीन जवळ आहे, रडारला गोंधळ झाला असेल, विश्वास ठेवू नका. असे ठिपके आम्ही सगळेच काढून टाकतो. त्यानेही काढले. पट्टी पुन्हा मॉडेलशी जुळली, आणि तो कॅप्टनला ‘असेच चला’ लिहायला लागला.

“ते ठिपके परत आण,” मी म्हटलं.

तो वळला. “ताई, रूल तुमचाच आहे.”

“माहीत आहे. परत आण.”

त्याने आणले. मी त्याला दाखवलं की जमिनीमुळे गोंधळ झाला तर आकडे कसेही उड्या मारतात, हे मात्र पायऱ्या चढल्यासारखे एकेक करून चढतायत. आणि ते चढायला लागतात ते बरोबर प्रवाहाच्या कडेवर, किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यावर मात्र पुन्हा उतरतात. मॉडेलला प्रवाह नीट कळत नाही. माझा आवाज वर गेला होता. पलीकडच्या टेबलावरची माणसं बघायला लागली होती.

त्याने हळू विचारलं, “एक सांगा. हे तुम्ही एक्स्पीरियन्सवरून बोलताय की ताई म्हणून बोलताय?”

मला खरंच कळेना. भाऊ जहाजावर नसता तर मला हे दिसलं असतं का? आणि दिसतंय ते खरंच आहे का, की मी त्या दुसऱ्या बाईसारखी झालेय, पाणी हललं की घाबरणारी? माझ्याच नियमाने मला खोटं ठरवलं असतं.

“माहीत नाही,” मी म्हटलं. “तू बघ. दुसऱ्या कुठल्या उपग्रहाची पट्टी जवळून गेली असेल तर काढ. मी बोलत नाही.”

मी माझ्या खुर्चीत जाऊन बसले आणि फोन उलटा ठेवला. आईचे दोन फोन येऊन गेले होते. मी एकही घेतला नव्हता. तो कीबोर्ड बडवत राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, “पट्टी मिली. ताई, इथेही चढतंय.” दुसरी पट्टी किनाऱ्यापासून लांब होती, तिथे लाल ठिपक्यांचा प्रश्न नव्हता, आणि प्रवाहावरचे आकडे मॉडेलपेक्षा बरेच वर होते. त्याने भावाच्या कॅप्टनला लिहिलं, प्रवाह सोडा, किनाऱ्याकडे उथळ पाण्यात या, वारा फिरायच्या आधी.

कॅप्टनने विचारलं, किती वेळ वाया जाणार. मुलाने कळवलं. मग उत्तर थांबलं. अशा वेळी कॅप्टन विचार करतोय की जेवतोय हे कळायला मार्ग नसतो. मी आईला फोन लावला, कारण दुसरं काही सुचेना.

“का गं उचलत नव्हतीस?” ती म्हणाली. “काही झालंय का?”

“काही नाही. त्याला किनाऱ्याकडे यायला सांगितलंय. टॅबलेट उघडलाय का?”

“सकाळपासून उघडाच आहे.”

आम्ही दोघी फोन धरून बसलो, ती घरी तिच्या नकाशासमोर आणि मी इथे. किनारा फार लांब नव्हता म्हणून बाण दिसत होता, पण नकाशावरचा बाण जागचा हलल्यासारखा वाटत नाही, खूप वेळाने कळतं. मी देवाचं नाव घेतलं नाही, मला ते अशा वेळी आठवत नाही. मी फक्त लहानपणी तो सायकलवरून पडायचा ते आठवत होते.

“वळला,” आई म्हणाली. “अगं, वळला बघ. आत येतोय.”

शेजारच्या टेबलावरून त्यानेही मान हलवली. एकदम रडू आलं आणि ते मी आईला ऐकू दिलं नाही.

“आता जरा पड,” मी म्हटलं. “जेवली नसशील ना?”

“पडते. पण मागचा का नाही वळला?”

“कोण मागचा?”

“त्याच्या मागून येतोय ना, तो बाण. कालपासून मागे मागे आहे. मला बरं वाटतं तो असला की, पोराला सोबत आहे. तो सरळच चाललाय. त्या लोकांना कुणी सांगितलं नाही का?”

तो बाण माझ्या पडद्यावर होता. बदल्यात मिळालेलं जहाज. सकाळचं माझं वाक्य त्याच्या नावापुढे तसंच होतं, असेच चला, संध्याकाळी पुन्हा कळवू. तेच ठिपके, तोच प्रवाह, तीच लाटांची भिंत, सगळं मला मघापासून माहीत होतं, आणि मी त्या जहाजाकडे एकदाही बघितलं नव्हतं. भीतीने नजर बिघडते म्हणून मी नियम केला होता. भीती नसली की मी बघतही नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी लिहायला घेतलं. सकाळचा सल्ला रद्द करा, ताबडतोब किनाऱ्याकडे या. सांवेरचा मुलगा खुर्ची ओढून माझ्याजवळ येऊन बसला. त्या कॅप्टनने लगेच ऐकलं नाही, सकाळी एक आणि दुपारी दुसरं का सांगताय म्हणून विचारलं, आणि त्याचं विचारणं बरोबर होतं. मी दोन्ही पट्ट्या पाठवल्या. ते जहाज वळलं, पण उशिरा वळलं, वारा फिरला तेव्हा अर्ध्या वाटेत होतं. नंतरच्या संदेशात लिहिलं होतं की फार डोललो, एक जण जिन्यावरून पडला, हात मोडला, बाकी सगळे ठीक.

पण हे सगळं नंतरचं. त्या वेळी बाण सरळ जात होता आणि आईने फोन ठेवला नव्हता.

“सांगितलंस?”

“आत्ता सांगितलं.”

“वळला?”

“नाही अजून.”

तिचा श्वास ऐकू येत होता. भावाच्या बाणासाठी वाटली होती तेवढीच भीती मला आता या बाणासाठी वाटत होती.

“त्याच्यावर कोण आहे गं?” तिने विचारलं.

“मला नाही माहीत, आई.”

“बरं,” ती म्हणाली. “मग तू तिथून उठू नकोस. मीपण बसलेय.”