भाडेकऱ्याची देवी

माझ्या नवऱ्यानं मागं ठेवलं ते एकच, कर्जतला स्टेशनाच्या अंगाला दोन खोल्यांचं घर. घाटात आगगाडीचं काम निघालं तेव्हा तो खडीच्या गाड्या हाकायचा. त्या कमाईतून घर बांधलं आणि त्यात धड राहायच्या आधीच गेला. मी खालापुरात दिराच्या घरी राहिले. राहिले म्हणजे काय, पहाटे जातं ओढलं, दिवसभर शेणपाणी केलं आणि ताटात पडलं ते खाल्लं. जाऊ भाकरी वाढायची ती वरून टाकायची. हात खाली आणला तर झिजेल ना तिचा!

म्हणून मला ते घर हवं होतं. भाड्यासाठी नव्हे. एक दिवस तिथं जाऊन माझी स्वतःची चूल मांडायची, तिखट-अळणी काय ते माझ्या मनानं करून खायचं, एवढंच मनात होतं. दिराचं मात्र एकच पालुपद, "विकून टाकू, वैनी. भाडं येत नाय त्या घराला कशाला उराशी धरता?"

भाडं येत नव्हतं हे खरं. इंजिनांच्या शेडमध्ये कामाला असलेला घाटावरचा एक लोहार तिथं बायको-पोरासकट राहत होता. पोराला देवी आल्या आणि ते वाचलं. बायकोचा नवस होता, म्हणून स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात देवीचा तांदळा, म्हणजे शेंदूर लावलेला गोल दगड, बसवायचा होता. विचारायला लोहार खालापुरापर्यंत चालत आला. मी म्हटलं, "बसवा की. देव काय जागा खातो?" तेवढ्यावर थांबले असते तर! पण मालकीण ना मी, मला मेलीला मिरवायचं होतं. गाडी जुंपून गेले आणि माझ्या हातानं नारळ दिला. आमच्याकडं जागेच्या धन्यानं नारळ दिला की देव त्या जागेचा होतो. मग देवाला विचारल्याशिवाय तो हलवता येत नाही.

वर्षभरात शुक्रवारी बायकांची रीघ लागायला लागली. भाडं मागितलं तर लोहार कानाला हात लावायचा. "आईच्या घराचं भाडं मागता व्हय, बाय?" जागा सोड म्हटलं तर कौल लावायचा. तांदळ्याच्या दोन्ही अंगांना ओलं फूल चिकटवायचं. उजवं पडलं तर देवी हो म्हणते, डावं पडलं तर नाही. दरवेळी डावंच पडायचं. पुजारी तोच, भाडेकरू तोच, दुसरं काय होणार? दिरानं दोनदा गिऱ्हाईक नेलं. त्यांनी शेंदूर बघितला, हात जोडले आणि आल्या पावली परतले. दीर चरफडला. मला वाटलं, चला, आमचं दोघांचं दुखणं एकच.

एका शुक्रवारी मी गेले तर ओटी भरायला आलेल्या बायकांनी मला उंबऱ्यातच अडवलं. "आज सवाष्णींचा दिस हाय गं, मागल्या दारानं ये." माझं घर, आणि मी मागल्या दारानं! गेले तशीच. अंगाची नुसती लाही लाही झाली.

घरी येऊन दिराला म्हटलं, "त्या लोहाराला काढते आणि मी तिथं राहायला जाते." तो म्हणाला, "आधी घर मोकळं तर होऊ द्या, वैनी. मग बघू." त्या 'मग बघू'ला मी होकार समजले. गाढवीण!

कौल लावायला आमच्या गावच्या गुरवाला घेऊन गेले. वाटेत त्याला सांगून ठेवलं, डाव्या फुलाला गूळ लाव, म्हणजे ते चिकटून राहील. लोहार इतके दिवस उजव्या फुलाला हेच करत असणार, अशी माझी खात्री होती. उजवं फूल पडलं. लोहाराची बायको भांडेल म्हणून मी पदर खोचून उभी होते. ती भांडली नाही. तांदळा पदरात घेतला, पोराला पुढं घातलं आणि म्हणाली, "आईच उठली, आता आमी कशाला ऱ्हातो?" मला तिच्याकडं बघवेना.

पण घर माझं झालं होतं. जमीन सारवली, कोनाड्यातला शेंदूर नखांनी खरवडला, तीन दगडांची चूल मांडली. त्या दिवशी नुसता भात आणि मीठ खाल्लं. इतकी पोटभर मी आयुष्यात कधी जेवले नाही.

आठव्या दिवशी सकाळी, मी भात उतरवत होते तेव्हा, दीर नेरळच्या एका व्यापाऱ्याला घेऊन आला. व्यापाऱ्यानं कोनाडा निरखला, भिंती ठोकून बघितल्या आणि पसंतीची मान डोलावली. दीर माझ्याशी इतका गोड कधीच बोलला नव्हता. "बरं केलंत, वैनी. ती बसली होती तवर कुणी हात लावायला धजत नव्हता. मला काय ते जमलं नसतं."

कागदावर माझाही अंगठा लागत होता. मी म्हटलं, नाही देणार. तो म्हणाला, "नका देऊ. ऱ्हा हितंच. पन आमच्या घरून दाना यायचा नाय." गाडग्यात दोन दिवसांचे तांदूळ होते. भाडेकरू मीच घालवला होता, देवीही मीच उठवली होती. कुणाच्या नावानं बोटं मोडू?

अंगठा दिला. व्यापारी म्हणाला, "बाई, ते चुलीचे दगड तेवढे बाहेर टाका." अजून गरम होते. पदरात धरून एकेक टाकले.